अग्नीवाचून सोने

मराठी भाषेने धातूच्या पातळ आवरणावर कधी विश्वास ठेवलेला दिसत नाही. मुलामा म्हटला की तो वरवरचाच असावयाचा, झिलई म्हटली की तिच्याखाली काहीतरी दडविलेले असावयाचे, आणि 'बेगडी' हे विशेषण तर एखाद्याच्या प्रेमाला, देशभक्तीला किंवा विद्वत्तेला एकदा चिकटले म्हणजे त्याने पुढे कितीही आणाभाका घेतल्या तरी सुटत नाही. ज्या वस्तूवरून हे विशेषण निघाले ती बेगड म्हणजे कथलाचा कागदाहूनही पातळ पत्रा, कधी पांढराच ठेवलेला, कधी पिवळे, तांबडे वा हिरवे रोगण चढविलेला. नवऱ्यामुलाच्या बाशिंगाला, मोहरमच्या ताबुताला, गणपतीच्या मखराला आणि नाटकातल्या राजाच्या मुकुटाला पिढ्यान्‌पिढ्या शोभा देऊन तिच्या पदरात पडले ते एवढेच, की खोटेपणाला तिचे नाव मिळाले. गेल्या दीड वर्षात या बेगडीची आणि तिच्या भाऊबंदांची, म्हणजे वस्तूला अग्नीचा स्पर्श न होऊ देता लाकडावर, चुन्यावर, कापडावर किंवा कागदावर चढणाऱ्या धातूच्या लेपांची, विचारपूस करीत मी हिंडलो, आणि हिंडता हिंडता माझी खात्री होत गेली की भाषेने येथे निवाडा देताना फिर्यादीची बाजू तेवढी ऐकली आहे.

या हिंडण्याला निमित्त झाला आमच्या वेंगुर्ल्याच्या घरातील देव्हारा. आजोबांच्या वेळचा, दोन कोरीव खांबांचा, वर लहानशी प्रभावळ असलेला हा लाकडी देव्हारा वीसेक वर्षांपूर्वी घराची डागडुजी चालली असता एका रंगाऱ्याने आमच्याच सांगण्यावरून सोनेरी करून दिला. त्या वर्षीच्या गणेशचतुर्थीला समईच्या उजेडात तो असा काही झळकला की आलेला प्रत्येक पाहुणा आधी देवाकडे न पाहता देव्हाऱ्याकडे पाही. दोन पावसाळे गेले. खांबांचा रंग प्रथम पिकल्या पानासारखा, मग चिंचेच्या कोळासारखा झाला, आणि कोरीव कामाच्या खाचांतून हिरवी कड उमटली. रंगाऱ्याने फसविले असे आम्ही सारे म्हणालो, आणि मीही ते कित्येक वर्षे म्हणत राहिलो. आज ते शब्द मागे घेणे मला कर्तव्य वाटते. डब्यातील सोनेरी द्रव्य म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाची, म्हणजे पितळेची, अतिसूक्ष्म चकत्यांची पूड होती. पितळेचा तांब्या काळवंडला तर आपण चिंच लावून तो घासतो. परंतु त्याच तांब्याची पूड केली की त्याच वजनाच्या धातूचा हवेला लागणारा पृष्ठभाग हजारो पटींनी वाढतो, आणि तेलातील आम्ल, समुद्राकडून येणारे खारे वारे व चार महिन्यांची ओल यांच्यापुढे त्या प्रत्येक कणाला एकट्याने उभे राहावे लागते. देव्हारा काळा पडला तो त्याच्यावर धातू नव्हता म्हणून नव्हे, धातू होता म्हणूनच.

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला, त्याच किनाऱ्यावर आणि त्याच खाऱ्या हवेत, जुने गोवे आहे. 1562 साली ज्याच्या बांधकामास आरंभ झाला त्या से कॅथेड्रलच्या प्रचंड सभागृहात दुपारी अकराच्या सुमारास शिरावे आणि दोन्ही बाजूंच्या देवळ्यांकडे लक्ष न देता सरळ चालत जावे, म्हणजे समोर संत कॅथरीनच्या नावाने उभारलेली मुख्य वेदी हळूहळू अंधारातून वर येऊ लागते. छतापर्यंत चढत गेलेले ते लाकडी शिल्प, त्यातील त्या संतिणीच्या चरित्राचे प्रसंग, वेलबुट्ट्यांनी वेढलेले खांब आणि कोनाड्यांतील मूर्ती, हे सारे सोन्याचे दिसते. त्याला सोने लावलेले आहे असे डोळ्याला वाटत नाही. थोड्या अंतरावरील बॉम जेजूच्या बॅसिलिकेत, 1605 साली जिचे विधिवत पवित्रीकरण झाले तेथे, संत इग्नाशियसच्या भव्य मूर्तीमागची वेदीही त्याच जातीची. सुमारे साडेतीनशे वर्षे या लाकडांनी मांडवीच्या तीरावरील पावसाळे पाहिले. शहर साथींनी ओस पडले, राजधानी पणजीस गेली, से कॅथेड्रलचा एक मनोरा 1776 साली कोसळला. आणि आमच्या देव्हाऱ्याला ज्या हवेने दोन वर्षांत काळे फासले त्या हवेने या सोन्याला डाग लावला नाही. सोने प्राणवायूशी किंवा गंधकाशी सहजासहजी संयोग पावत नाही, हे रसायनशास्त्रातील उत्तर झाले. परंतु सोने टिकले म्हणून काम टिकले असे म्हणणे म्हणजे अर्धाच दाखला वाचणे होय, कारण जे सोने तेथे आहे ते इतके थोडे आहे की त्याने एकट्याने काहीच टिकविले नसते.

हा हिशेब एकदा स्वस्थपणे करून पाहण्यासारखा आहे. चांगल्या वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतकी असते. दहा हजार वर्ख एकावर एक रचले तर कोठे नखाएवढी जाडी भरेल. सोन्याचा एक घन सेंटिमीटर 19.3 ग्रॅम भरतो, आणि त्या प्रमाणाने एका ग्रॅमात सुमारे अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग झाकला जातो. म्हणजे जुन्या मापाचे एक तोळा सोने, जे आपल्याकडे मंगळसूत्राच्या दोन वाट्यांनाही पुरेनासे झाले आहे, ते दोन मीटर उंचीची व तीन मीटर लांबीची एक आख्खी भिंत मढवून मोकळे होते. असा वर्ख उजेडासमोर धरला तर त्यातून पलीकडचे दिसते, आणि ते हिरवट निळे दिसते, कारण पिवळा प्रकाश सोने परत पाठविते आणि उरलेला आरपार जाऊ देते. ज्याला आपण घनतेचे आणि वजनाचे प्रतीक मानतो तो धातू या अवस्थेला पोचला म्हणजे त्याला स्वतःचे असे काही उरत नाही. ज्यावर टेकावे त्याचा खडबडीतपणा, त्याची भेग, त्यावरचा केससुद्धा तो निमूटपणे आपल्या अंगावर घेतो. म्हणून या विद्येत सोन्याला मान दुसरा आहे. पहिला मान जमिनीला.

'जमीन' हा आपल्या चितारी लोकांचा शब्द, आणि मला तो फार अर्थपूर्ण वाटतो. पोर्तुगीज वेद्यांच्या घराण्यातील सोनेकामात ही जमीन तयार करण्यास जितके दिवस लागत तितके घटका-प्रहर सोने लावण्यास लागत नसत. प्रथम लाकडाला जनावरांच्या कातड्यापासून काढलेला ऊन सरस पाजावयाचा. मग खडू किंवा जिप्समची पूड त्याच सरसात कालवून तिचे हात एकावर एक द्यावयाचे, आठ द्यावे, दहा द्यावे, आणि प्रत्येक हाताच्या थराने कोरीव कामाच्या कडा बुजू लागल्या की त्या पुन्हा कोरून जाग्या करावयाच्या. त्यावर तांबड्या चिकणमातीचा, लोण्यासारख्या मऊ अशा मातीचा, लेप. ही माती दोन कामे करते: सोन्याच्या पातळ अंगातून तिचा तांबूसपणा झिरपून त्याला ऊब येते, आणि ती दाबाखाली किंचित दबते. मग पाण्याने, त्यात थोडा सरस किंवा मद्यार्क असलेल्या पाण्याने, तो लेप भिजवून वर्ख जवळ नेला की तो हातातून सुटून आपण होऊन मातीवर झेपावतो. काही तासांनी, ओल नेमकी किती उरली आहे हे बोटाच्या पेराने ठोकून आवाजावरून ओळखून, अकीकाच्या गुळगुळीत दगडाने तो घोटावयाचा. पोथ्यांचे कागद आपल्याकडे घोटीत ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही क्रिया परकी वाटू नये. घोटण्यापूर्वी जो वर्ख पिवळ्या कागदासारखा दिसत होता तो घोटल्यावर भरीव धातू दिसू लागतो, याचे कारण चकाकते ते सोन्याबरोबर त्याच्याखालची मातीही होय.

से कॅथेड्रलमध्ये वेदीच्या खालच्या अंगाला, जेथे शतकानुशतके हात आणि वस्त्रे लागली असतील तेथे, कडांवरून सोने झिजून ती तांबडी माती डोकावते, आणि क्वचित तिच्याही खालची पांढरी जमीन. मी बराच वेळ त्या एका कडेकडे पाहत होतो. या कामाचा नाश सोन्याकडून होत नाही. तो लाकडाकडून होतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, जमिनीला भेगा जातात, तिचे खवले सुटतात आणि खवल्याबरोबर सोने जाते. उरलेसुरले काम वाळवी करते. आणि याहून मोठा अपराध माणसाचा. एखाद्या चर्चमधील झिजलेल्या वेदीवर भाविकपणे डब्यातला सोनेरी रंग फासण्यात येतो, तो तीन वर्षांत तपकिरी होतो, आणि मग त्या तपकिरीखाली जिवंत असलेले जुने सोने पुन्हा वर काढण्यासाठी तज्ज्ञाला भिंग आणि कापसाचा बोळा घेऊन महिनोन्‌महिने बसावे लागते. आमच्या देव्हाऱ्याची गोष्ट मला येथेच नव्या रीतीने आठवली.

वर्ख येतो कोठून, हे पाहावयाचे तर हैदराबादच्या जुन्या शहरात, चारमिनारच्या परिसरात, कान देऊन उभे राहावे. चामड्याच्या वहीत चांदीचे तुकडे घालून हातोड्याने ठोकीत बसलेल्या वर्खवाल्यांचा तो एका लयीतला ठोका ज्याने ऐकला त्याला मिठाईवरचा तो चंदेरी थर पुन्हा सहजपणे तोंडात टाकता येत नाही. पूर्वी या वहीची पाने जनावरांच्या आतड्याच्या पातळ त्वचेची असत, कारण हजारो ठोके खाऊन न फाटणारी आणि धातूला न चिकटणारी दुसरी वस्तू ठाऊक नव्हती. 2016 मध्ये भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाण्याच्या वर्खाच्या निर्मितीत प्राणिज वस्तू वापरण्यास मनाई केली, शुद्धता हजारात 999 ठरविली आणि चौरस मीटरमागे वजनाची कमाल मर्यादा 2.8 ग्रॅम. चांदीच्या घनतेने भागले तर ही जाडी मिलिमीटरच्या चारहजाराव्या भागाहून किंचित जास्त येते; एवढ्या पातळ वस्तूलाही सरकारी दप्तरात जाडीची हद्द असावी, याचे मला कौतुक वाटले.

मंडालेचे सोनठोके याच कुळातील. ज्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत करून 1886 मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले आणि ज्याने 1916 साली तेथेच देह ठेवला, त्याची ती राजधानी. तेथे बांबूपासून केलेल्या कागदाच्या पानांत सोने ठेवून ते ठोकतात, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या भोकाच्या करवंटीने वेळ मोजतात. करवंटी बुडाली की एक पाळी झाली. आपल्या लग्नातल्या घटिकापात्राची ही सख्खी बहीण. तेथील महामुनी बुद्धाच्या मूर्तीला पुरुष भाविक वर्ख चिकटवीत आले आहेत, एकावर एक, पिढीमागून पिढी. मुख मात्र रोज पहाटे विधिपूर्वक धुतले जाते, त्यामुळे ते आजही नितळ आणि रेखीव आहे, आणि शरीर सोन्याच्या गाठीगाठींनी असे भरले आहे की त्याचा मूळ आकार आता कोणास दिसत नाही. वर्ख पातळ असतो म्हणून तो निरुपद्रवी असे समजू नये. श्रद्धेने तो वीतभर जाड होऊ शकतो.

आता अग्नीची बाजू. धातूवर सोने चढविण्याची जुनी आणि अव्वल रीत म्हणजे सोने पाऱ्यात विरघळवून तो लोण्यासारखा गोळा तांब्यावर चोळावयाचा आणि विस्तव दाखवून पारा उडवून लावावयाचा. अमृतसरच्या हरिमंदिरावरील महाराजा रणजितसिंहांच्या वेळचे सोनेरी पत्रे या जातीचे. ती झळाळी अपूर्व असते यात संशय नाही, परंतु उडालेला पारा कोठे जातो, तर कारागिराच्या फुप्फुसात जातो. हात कापू लागतात, दात हलतात, जीभ अडखळते, बुद्धी भ्रमते. पॅरिसमध्ये ब्राँझच्या शोभिवंत वस्तूंचा कारखाना चालविणाऱ्या रावरिओ नावाच्या गृहस्थाने हे आयुष्यभर पाहिले आणि 1814 मध्ये मरताना आपल्या मृत्युपत्रात 3000 फ्रँकांचे पारितोषिक ठेवले, ते मुलामा देणाऱ्यांना पाऱ्याच्या वाफेपासून वाचविणारी युक्ती जो काढील त्याला. डार्से नावाच्या रसायनज्ञाने वाफ ओढून नेणारे धुराडे रचून ते मिळविले. बव्हेरियातील फ्युर्थ गावी आरशांना कथील-पाऱ्याची पाठ देणाऱ्यांचीही हीच दशा होती, आणि त्यांना सोडविले ते युस्टुस फॉन लीबिगला 1835 साली सापडलेल्या, चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून काचेवर शुद्ध चांदी बसविण्याच्या रीतीने. आज शिरस्त्राणांवर आणि चषकांवर पिचकारीने आरशासारखी जी चकाकी चढवितात ती त्याच विचाराची नात. थंड रीतींना स्वस्त आणि सोप्या म्हणून नावे ठेवण्यापूर्वी त्यांनी किती हातांचा कंप थांबविला याची मोजदाद कोणी तरी करावयास हवी.

मराठी माणसाला या विषयात परक्याच्या दारी जाण्याचे कारण नाही. 1676 च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तंजावरच्या गादीवर आले, आणि तेव्हापासून 1855 पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविणाऱ्या आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या वंशाचा मराठी इतिहास कोरविणाऱ्या दुसऱ्या सरफोजींच्या काळात, म्हणजे 1798 ते 1832 या वर्षांत, ज्या चित्रशैलीला बहर आला ती तंजावरी शैली म्हणजे अग्नीवाचून चढणाऱ्या सोन्याचा दक्षिणेतला मोठा दरबार. फणसाच्या फळीवर कापड चिकटवितात, त्यावर खडू आणि चिंचोक्याची खळ यांचा लेप देतात, आणि बाळकृष्णाचे दागिने, महिरप, सिंहासन हे सारे त्याच लेपाने उठावदार करून त्यावर सोन्याचा वर्ख दाबून बसवितात व मध्ये काचमणी जडवितात. बैठकीच्या भिंतीवर, विजेच्या पांढऱ्या उजेडात टांगलेले असे चित्र पाहून ज्यांनी ते भडक आहे असा शेरा मारला असेल त्यांनी ते एकदा देवघरातल्या अंधारात, एका निरांजनासमोर ठेवून पाहावे. सपाट सोने एकाच कोनातून चमकते. उठावावरचे सोने ज्योत हलली की जागा बदलून चमकते, आणि बाळकृष्ण श्वास घेतो आहे असे वाटू लागते. चिंचोक्याच्या खळीत सोन्याचे हे सामर्थ्य आहे.

जपानातील रीत आमच्या हवामानाच्या माणसाला मत्सर वाटावा अशी आहे. क्योतोच्या सुवर्णमंडपावर, जो 1950 मध्ये जाळला गेला, 1955 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि 1987 मध्ये नेहमीच्या पाचपट जाड वर्खाने नव्याने मढविण्यात आला, सोने धरून ठेवणारे द्रव्य आहे एका वृक्षाचा चीक, उरुशी. हा चीक उन्हात वाळत नाही. त्याला दमट हवा लागते, ओलीतच त्याचे अंग आवळते. आमच्याकडचा जून महिना, जो आमच्या प्रत्येक रोगणाचा वैरी, तो त्या चिकाचा सखा झाला असता.

आणि ती पितळेची पूड, जिने आमचा देव्हारा आधी सजविला व मग काळवंडविला, तिची कुळकथा याहून रंगतदार आहे. हेन्‍री बेसेमर हे नाव पोलादाशी कायमचे जोडले गेले आहे. परंतु पोलादाच्या आधी बेसेमर हा सोनेरी पुडीचा मनुष्य होता. त्याच्या बहिणीने काढलेल्या फुलांच्या चित्रांच्या संग्रहावर सोनेरी अक्षरे लिहिण्याचे त्याने मनात आणले, आणि त्यासाठी पूड आणावयास तो गेला तो एका औंसाला सात शिलिंग मोजून परतला. सोळा औंसांचा पौंड धरला तर एका पौंडाला 112 शिलिंग, आणि आत सोने नाही, पितळ. ही पूड तेव्हा न्युरेंबर्गकडून येई, आणि तेथे ती ठोकलेल्या पितळी वर्खाचे तुकडे मधात खलून हातांनी करीत. बेसेमरने 1840 च्या पुढे यंत्र बसविले. यंत्राचे भाग निरनिराळ्या कारखान्यांतून करवून घेतले, जेणेकरून कोणालाही समग्र आराखडा कळू नये, आणि कारखान्यात माणसे नेमली ती बायकोचे तीन भाऊ. पेटंट घेतले नाही, कारण पेटंट म्हणजे गुपित छापून देणे. सुमारे चार दशके ते गुपित त्या घरात राहिले. त्या पैशावर तो पुढचे प्रयोग करू शकला आणि 1856 मध्ये त्याने पोलादाची नवी रीत जगापुढे ठेवली. आगगाड्यांचे रूळ आणि जहाजे ज्या पोलादाने झाली त्याला भांडवल पुरविले चित्रांच्या चौकटींवरच्या पितळी पुडीने, ही गोष्ट शोभेच्या वस्तूंकडे नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

ही पूड आज काय रूप घेऊन आली आहे ते पाहण्यासाठी मी पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. तेथे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीचा एक उंच दरवाजा घोड्यांवर आडवा ठेवला होता, आणि त्याला पितळ चढविण्याचे काम चालले होते. मुख्य कारागीर लातूरकडचा, पूर्वी मोटारींना रंग मारणारा. त्याने सांगितलेला क्रम गोव्याच्या वेदीहून निराळा नव्हता, आणि हे ऐकताना मला अंगावर काटा आला. फळी पाणी पिते, म्हणून आधी तिच्या कडा बंद करावयाच्या. मग लांबी भरून घासावयाचे. मग प्रायमर, पुन्हा घासावयाचे, आणि हात फिरविला असता डोळे मिटून काही लागता कामा नये. तीन दिवस या जमिनीचे. मग मैद्यासारखी बारीक पितळेची पूड द्रवरूप राळेत कालवितात, शेवटी हार्डनर घालतात, आणि तळाशी बसू नये म्हणून सतत ढवळीत ती गनने उभी-आडवी मारतात.

सुकल्यावर जे दिसले त्याने माझी निराशा झाली. चिखलाने सारवलेली भिंत असावी तसा तो मातकट, निस्तेज दरवाजा. कारागीर हसला आणि म्हणाला, "काका, धातू अजून झोपलाय." त्या बोलण्यात शास्त्र होते. समजा, शंभर ग्रॅम लेपात ऐंशी ग्रॅम पितळ आणि वीस ग्रॅम राळ आहे. वजनाने धातू चौपट झाला, परंतु पितळ राळेच्या जवळजवळ आठपट जड असल्यामुळे आकारमानाने धातू तिसऱ्या हिश्श्याएवढाच भरतो. प्रत्येक कण राळेच्या अंगरख्यात गुंडाळलेला. तो अंगरखा वरून कापून काढल्यावाचून उजेड पितळेपर्यंत पोचत नाही. म्हणून घासणे: आधी जाड पॉलिश पेपर, मग पाणी लावून बारीक, त्याहून बारीक, आणि शेवटी बफ. कारागिराने एका कोपऱ्यात हात चालविला आणि दहा मिनिटांत त्या चिखलातून पिवळे वर आले, आधी ठिपके, मग ठिपके मिळून एक थंड, गंभीर तकाकी. धोका एकच असतो, कडा. सपाटीवर हात जरा जास्त फिरला तर चालतो. कडेवर फिरला की लेप कापला जातो आणि खालचा प्रायमर दिसतो. साडेतीनशे वर्षांनी से कॅथेड्रलमध्ये जे घडले ते येथे एका चुकलेल्या हाताने घडू शकते.

मग त्याने दुसऱ्या तुकड्यावर गंधकयुक्त द्रावण पुसले, आणि माझ्यादेखत पितळ तपकिरी व मग काळे झाले. उंचवटे पुन्हा घासून उजळले, खाचा काळ्याच ठेवल्या, आणि जुन्या दिंडीदरवाजाचे पितळ असावे तसा तो तुकडा दिसू लागला. "रंग असता तर काळा पडला असता का?" तो म्हणाला. "काळं पडायला धातूच लागतो." मी दरवाजावर बोटाने टकटक केली. आवाज लाकडाचा आला. येथे मात्र कोणाची फसवणूक होत नव्हती: दोन मीटर उंचीच्या आणि एक मीटर रुंदीच्या दरवाजाला दोन्ही बाजूंनी दोन मिलिमीटरचा पितळी पत्रा मारावयाचा तर 68 किलो पितळ लागले असते, आणि बिजागऱ्यांनी त्या ओझ्याला नकार दिला असता, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढ्या या लेपात ते अडीच किलोच्या आत भागते. भरीव पितळ म्हणून जो हा दरवाजा विकील तो लबाड. लेपाने कोणते असत्य उच्चारले? आणि 'अग्नीवाचून' हा शब्दही मला तेथे थोडा सावरून घ्यावा लागला, कारण ती पूड करताना कोठेतरी दूर पितळ वितळविलेले असते, तसे वर्खाचे सोनेही आधी मुशीत गेलेले असते. अग्नी टळत नाही. तो वस्तूपासून दूर राहतो, एवढेच. राळेची वाफ आणि घासतानाची धूळ यांपासून मात्र तोंडावरच्या जाळीवाचून सुटका नाही, आणि शेडमधल्या एका पोऱ्याने ती गळ्यात लोंबती ठेवली होती. मी त्याला ती वर घ्यावयास लावली. रावरिओच्या मृत्युपत्राची आठवण माझ्या मनात ताजी होती.

दिवाळीच्या आधी वेंगुर्ल्यास गेलो तेव्हा देव्हाऱ्याचे काम काढले. पुन्हा सोनेरी रंग देणार नाही, वर्ख लावावयाचा, असे घरात ठरले होते, आणि वर्खासाठी जमीन हवी, म्हणून आधी जुना रंग उतरविणे आले. सुतारकाका खांब खरवडीत होते, मी प्रभावळ घेऊन बसलो. वरचा काळवंडलेला थर निघाला, त्याखाली एक तांबडा तेलरंग निघाला, आणि त्या तांबड्याखाली, प्रभावळीच्या मधल्या कमळाच्या पाकळ्यांवर, पात्याला काहीतरी निसटते लागले. मी पाते ठेवून ओल्या फडक्याने पुसले. आजोबांच्या वेळी कोणीतरी पाकळीच्या मापाने कातरून, खळीने चिकटविलेली पिवळ्या रोगणाची बेगड होती. कडेला रोगण उडाले होते तेथे आतले कथील पांढरेशुभ्र होते.

सुतारकाकांनी विचारले, "हे पण काढायचं?"

मी समई जवळ आणावयास सांगितली.